गणिताच्या सरांची दुभाषी

आमचे गणिताचे सर हिंदीत शिकवायचे आणि मराठीत चिडायचे. मूळचे अमरावतीकडचे. कोणाचं उत्तर चुकलं की थेट वऱ्हाडात पोचायचे. भिलाईतल्या त्या शाळेत, आमच्या दहावीच्या वर्गात मराठी समजणारी मी एकटीच. माझे बाबा स्टील प्लांटमध्ये क्लार्क. सर ज्या भाषेत चिडायचे, तीच आमच्या घरी प्रेमानं बोलली जायची.

त्यामुळे सर ओरडले की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा, "क्या बोले?" मी सांगायचे, पण जरा गोड करून. "डोक्यात भुसा हाय का तुह्या?" याचं मी "सर बोले, थोड़ा दिमाग लगाओ" असं करायचे.

माझ्या बाकावर एक तेलुगू मैत्रीण बसायची. गणित म्हटलं की तिला घाम फुटायचा. एकदा तिनं सलग तिसऱ्या दिवशी कोरी वही दाखवली. सर कडाडले, "उद्या घरच्यायले घेऊन येजो, नाही तं वर्गात पाय ठेवू नको!"

ती रडवेली झाली. "घर का कुछ बोले ना?"

तिचे वडील फार कडक. माझ्या तोंडून निघून गेलं, "बोले, घर पे प्रैक्टिस करके लाना."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "लाई?" तिनं अभिमानानं वही पुढे केली. चाळीस गणितं! सरांनी पानं उलटली, तिच्यामागे कोणी उभं आहे का ते पाहिलं, पुन्हा पानं उलटली.

"ये लाने को किसने बोला?"

तिनं माझ्याकडे बोट केलं.

"कावून वो, मी असं म्हटलं होतं?"

"नाही सर. पण तिचे बाबा भल्ले रागीट हायेत."

सरांनी वही मिटून तिला परत दिली. मग म्हणाले, "ठीक हाय. आता आठवडाभर मी मराठीतच शिकवतो. तू हिंदीत सांगजो. एक शब्द इकडचा तिकडे नाही झाला पाहिजे."

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला, एका टोकावर खडू आपटला आणि विचारलं, "हा कोन?"

मी तोंड उघडायच्या आत सगळ्या वर्गानं वळून दाराकडे पाहिलं. "कौन, सर? कोई नहीं है!"

सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. खांदे मात्र हलत होते.

एरवी न समजलेलंही मी वहीत उतरवून घ्यायचे. आता समजल्याशिवाय सांगणार काय? प्रत्येक ओळीला मी "सर, म्हणजे?" विचारायचे आणि सर तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायचे, न चिडता. आठवड्यात मला त्रिकोणमिती कळली. मैत्रीण मात्र रोज चाळीस गणितं करतच राहिली. बोर्डात तिला माझ्याहून पुष्कळ जास्त मार्क पडले, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

मागच्या वर्षी आम्ही सात जुने विद्यार्थी सरांच्या वाढदिवसाला त्यांच्या भिलाईजवळच्या पद्मनाभपुरच्या घरी गेलो. केकवर सुरी धरून सर थांबले. "तीन बार काटूँगा, टुकड़े आठ चाहिए. बताओ कैसे?"

आमच्यात दोन इंजिनियर होते. त्यांनी कागद मागितला, आकृत्या काढल्या, आपसात भांडले. सरांची सून बशा घेऊन आली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "दोनदा उभा कापा आणि तिसऱ्यांदा मधून आडवा कापा ना, बाबा. थर वेगळे होतील, चाराचे आठ."

सर आमच्याकडे बघून म्हणाले, "कॉमर्सवाली हाय," आणि पहिला तुकडा तिला दिला.