गडाच्या वाटेवरून मागे फिरले तेव्हा

देवीवर माझा विश्वास होता, पण त्या वर्षी तो डळमळला होता हे कबूल करते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, कूस रिकामी. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, आम्ही तिथल्याच कॉलनीत. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी मला हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली होती. फार शिस्तीच्या बाई. शेवटचं इंजेक्शन यांनी मुंबईहून आणलं तेव्हा बाईंनी बजावलं होतं, हे गार ठेवा, शुक्रवारी माझ्याकडे घेऊन या, मी पोट तपासल्याशिवाय कुणाकडूनही टोचून घ्यायचं नाही.

आता शुक्रवार म्हणजे देवीचा वार. सासूबाई म्हणाल्या, एवढं महागाचं औषध आधी वणीच्या गडावर देवीच्या पायाशी ठेवू. खाली वणीत त्यांच्या ओळखीचे कंपाउंडर आहेत, ते टोचतील. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस ओटीपोट जड होतं, परकराची नाडी बसत नव्हती. सासूबाई त्यालाही शुभशकुनच समजत होत्या. मग काय, थर्मासात बर्फ, बर्फात ती कुपी, आणि आम्ही दोघी एसटीत.

शेजारी पांढऱ्या साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. दिंडोरीच्या दवाखान्यात नर्स होत्या, ड्युटीवर निघालेल्या. थर्मास बघून त्यांनी घोटभर पाणी मागितलं. मी म्हटलं, यात पाणी नाही हो, इंजेक्शन आहे. त्यांनी कसलं ते विचारलं, मी सगळं सांगितलं. बस खड्ड्यात आदळली तसा माझा हात पोटावर गेला. त्यांचं माझ्या तोंडाकडेच लक्ष होतं.

"दुखतंय ना? किती दिवस?"

मी सांगितलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, या इंजेक्शनांनी कधीकधी आतून फार सूज येते. अशात शेवटचं टोचलं तर जिवावर बेतू शकतं. गड चढू नका, परत डॉक्टरांकडे जा.

सासूबाई फणकारल्या, "देवीच्या वाटेवरून मागं फिरत नसतात. तुम्ही तरी मानता का देवीला?"

"नाही आजी, मी बौद्ध आहे. देवीला हात जोडत नाही. पण तुम्हाला जोडते. सुनेला परत न्या."

आणि भर बसमध्ये त्यांनी खरंच हात जोडले. सासूबाईंनी थर्मास उचलून स्वतःकडे घेतला, म्हणाल्या, "चल, उतरू." दिंडोरीला आम्ही तिघी उतरलो. ड्युटीला उशीर होत होता तरी त्या थांबल्या, नाशिकच्या गाडीत आम्हाला पुढची जागा मिळवून दिली, ड्रायव्हरला गाडी जपून न्यायला सांगितलं. नाव विचारायचं सुचलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रागावल्या नाहीत, नुसत्या क्षणभर डोळे मिटून बसल्या. दोन्हीकडचे बीजकोश फार सुजले होते. ते इंजेक्शन टोचलं असतं तर पोटात पाणी भरलं असतं, कदाचित मी उरलेही नसते. या महिन्याची खेप सोडायची, म्हणाल्या. मी रडले. सासूबाईंनी थर्मासातली कुपी काढून त्यांच्या हातात दिली. "तुमच्याचकडं राहू द्या. सून राहिली, पुष्कळ झालं."

पुढे कमी मात्रेनं, दर दोन दिवसांनी तपासून उपचार झाले. दुसऱ्या खेपेलाही डॉक्टरीणबाई एकदा 'आज नको' म्हणाल्या, आम्ही मुकाट घरी आलो. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले. लेक झाली.

बाळंतपणानंतर दिंडोरीला जाऊन आले, तर त्या नर्सबाईंची बदली झालेली. माझ्या देवीनं तिला न मानणारीच्या तोंडून मला अडवलं, असं मी समजते. त्या बाई ऐकतील तर हसतील, हसू देत. त्यांच्या शहाणपणाला माझा नमस्कार. इतकी वर्षं मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे डोंगर चढून पायाशी डोकं ठेवणं. ते सोपं असतं हो. इतक्या वर्षांची आस पोटाशी धरलेली असताना कुणी जाणत्यानं 'आज नको' म्हटलं, की तिथूनच परत फिरणं, हे कठीण. मला ते एका अनोळखी बाईनं एसटीत शिकवलं.