मी वाचलेलं चिनी

सन दोन हजार चोवीस, सरता डिसेंबर, कांदा लागणीचे दिवस. त्या थंडीत माझी जी फजिती झाली, ती मीच सांगतो. दुसऱ्याने सांगितली तर तिखटमीठ लावील.

नात सई दुसरीत. एकदा धडा न वाचताच "वाचला" म्हणाली. मी कान धरून दहा उठाबशा काढायला लावल्या.

रडत म्हणाली, "आजोबा, तुम्ही न वाचता वाचलं म्हणालात तर?"

"तर मी बी दहा काढीन. शब्द हाय माझा."

मी चौथी पास. पण शब्द मोडत नाही.

पुढे तिचा वाढदिवस आला. चिनी थाटाचा करायचा म्हणे! लाल कंदील, कागदी पंखे. का? तर वर्गातली मैत्रीण लिन. तिचे वडील सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर. लिनची आजी चीनहून आलेली, आणि स्वतः पत्रिका वाचल्याशिवाय ती नातीला कुठे सोडत नाही. म्हणून वर मराठी, खाली चिनी. सुनेने चिनी मजकूर मोबाईलवरून काढून दिला.

"मामंजी, छापायच्या आधी मला फोटो पाठवा."

चार लग्नांच्या पत्रिका छापल्यात मी. फोटो कशाला?

छापखानेवाल्याने नमुना पुढे केला. "तात्या, चिनी बी बघा. मला त्यातलं काय कळत न्हाई."

मलाही कळत नाही, असं मी म्हणायचं? चष्मा लावला. ओळीवरून बोट फिरवलं. मध्येच थांबून मानही डोलावली!

"वाचलं. छाप."

घरी सईलाही सांगितलं, "चिनीसुद्धा वाचून आलो."

पत्रिका गावभर वाटल्या. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "तात्या, चिनी अक्षर लई वळणदार हाय!"

शेवटची पत्रिका लिनच्या घरी. सई सोबत. आजीबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मान डावीकडे वाकवली. त्यांची रीत असेल, म्हणून मीही वाकवली. त्यांनी आणखी वाकवली. मी कशाला मागे राहू?

मग त्यांनी पत्रिकाच फिरवली. खालचं वर केलं, भराभर वाचलं, हसल्या आणि लिनकडे बघून होकार दिला.

सई पत्रिकेकडे बघत होती. आता मराठी उलटं झालं होतं.

"आजोबा, चिनी उलटं छापलंय! तुम्ही तर वाचलं होतं ना?"

मी चष्मा काढून खिशात ठेवला. तिथेच, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, कान धरले.

आजीबाईंना वाटलं, आमच्याकडे आमंत्रण असंच देतात. त्यांनीही कान धरले.

सई मोजत होती. मी दहा उठाबशा पुऱ्या केल्या.