रंग उतरलेलं पाणी

पाण्याचा पेला हातात आला की साहेब आधी तो उजेडासमोर धरत. एक डोळा मिटत, पेला जरा तिरका करत आणि म्हणत, "दिसतंय तर स्वच्छ." मग पाणी पीत आणि पेला खाली ठेवताना पुस्ती जोडत, "दिसतंय, एवढंच म्हणालो."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना कुठेही न्यावं आणि पस्तावावं. एकदा आमच्या ओळखीत मुलगी बघायच्या कार्यक्रमाला ते गेले. मुलीने पाणी आणून दिलं. साहेबांनी पेला खिडकीकडे धरून आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. ते स्थळ मोडलं. का मोडलं, हे साहेबांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात पाणी तपासणारी आमची लहानशी प्रयोगशाळा होती. साहेब तिथले मुख्य आणि मी मदतनीस. पाण्यात जंतू आहेत का, क्षार किती, गढूळ आहे का, एवढं बघून मोकळं व्हावं असा नियम. साहेबांना मात्र नियमात नसलेल्या गोष्टींचीच ओढ. "जे शोधायला सांगितलंय ते सापडणारच रे," ते म्हणत. "जे शोधायला कुणी सांगितलं नाही, ते मजेत पोहत असतं."

शहराच्या पूर्वेला विणकरांची वस्ती होती, आणि वस्तीला लागून सूत रंगवायचा एक कारखाना. चादरीचं, टॉवेलचं सूत तिथे रंगायचं. तिथलं सांडपाणी मुरून मागच्या गल्लीतल्या विहिरीला कधी निळी, कधी जांभळी झाक यायची. ओरड झाली तेव्हा मालकाने त्या सांडपाण्यासाठी एक हौद बांधला. रंगाऱ्यांकडे हायड्रोस नावाची पूड असते, चुकलेला रंग सुतावरून उतरवायला वापरतात. ती पूड हौदात टाकली की जांभळं पाणी बघता बघता पांढरं, नळाच्या पाण्यासारखं. हौदाला नारळ फुटला, पेढे वाटले, गल्ली पुन्हा विहिरीवर आली.

साहेबांनी पेढा खाल्ला आणि विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं.

आठ-पंधरा दिवस त्यांनी त्या पाण्याचा पिच्छा पुरवला. शेवटी मला म्हणाले, "रंग गेलेला नाही. तुटलाय. त्याचे तुकडे पाण्यातच आहेत, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. आणि अख्ख्या रंगापेक्षा हे तुकडे वाईट. परदेशात रंगकामगारांच्या मूत्राशयात गाठी निघाल्यात."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो कारखाना माझ्या दाजींचा होता. माझी थोरली बहीण त्या घरात दिलेली. साहेबांना हे ठाऊक होतं. ते एकदाच म्हणाले, "पाण्याला नातं नसतं," आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

साहेबांनी ठरवलं, गल्लीसमोर प्रयोग करून दाखवायचा. पांढऱ्या पाण्यात आम्ल घालायचं, बर्फात गार करायचं, दोन औषधं टाकायची. तुकडे असले तर ते पुन्हा जोडले जातात आणि पाणी लाल होतं. विहिरीचं पाणी लाल होईल, शेजारी ठेवलेलं नळाचं तसंच राहील. शेंबड्या पोरालाही कळेल.

"नळाची बाटली तू भरून आण," ते मला म्हणाले. "खरा साक्षीदार तोच."

आदल्या दिवशी ताईने जेवायला बोलावलं होतं. दाजी वाढत होते. "काय मेव्हणं, उद्या जादूचा खेळ हाय म्हणं?" ते हसत म्हणाले. मग वाटीत आमटी ओतताना हळूच बोलले, "विहीर बंद झाली की मागनं कारखाना बंद. मग तुमच्या ताईला कुटं ठिवू, ते तुमीच सांगा." ताई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

मी दोन्ही बाटल्या विहिरीवर भरल्या. पुढे कित्येक वर्षं मी म्हणत आलो की बाटल्यांची अदलाबदल झाली असावी. नव्हती झाली. एक भरली, बूच लावलं, मग दुसरी भरली. दुसरीवर 'नळ' अशी चिठ्ठी चिकटवली.

प्रयोगाला सगळी गल्ली जमली. पुढेच अक्का बसली होती. विड्या वळणारी, घरात तेलुगू आणि बाहेर आमची मराठी बोलणारी म्हातारी. सुपात तंबाखू, मांडीवर धाकटा नातू. साहेबांनी पहिल्या पेल्यात औषध टाकलं. पाणी कुंकवासारखं लाल झालं. लोक "आँ" म्हणाले. मग दुसऱ्या पेल्यात टाकलं. तेही लाल झालं. अगदी त्याच छटेचं.

आधी हसले ते कारखान्यातले रंगारी. "साहेब, ह्यो तर आमचाच धंदा की! आमी पण बर्फच घालतो, हीच औषधं टाकतो. तुमी सूत तेवढं इसरला."

"रंग तुमीच टाकला आन् तुमीच दावताय व्हय?" दाजी म्हणाले.

अक्काला तर हसू आवरेना. "अय्यो, दोन्ही लाल! आमचं पाणी वाईट, तर तुमच्या नळाचं काय चांगलं हाय, साहेब?"

साहेबांनी दोन्ही पेले उचलून उन्हात धरले. नेहमीपेक्षा बराच वेळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

प्रयोगशाळेत परतल्यावर त्यांनी स्वतः नळाखाली पेला धरला आणि तोच प्रयोग केला. मी पाठ करून काचेची भांडी घासत होतो. घासलेलीच पुन्हा घासत होतो. मागून आवाज आला, "हे पांढरंच राहिलं रे." बस्स. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर माझे पुढचे दिवस बरे गेले असते.

वरच्यांना त्यांनी समजावून पाहिलं. उत्तर एकच: पाणी स्वच्छ दिसतंय, लोकांची तक्रार नाही, मग तुमची का? साहेब रोज कामावरून घरी जाताना वाट वाकडी करून त्या गल्लीतून सायकल नेऊ लागले. एकदा मी बरोबर होतो. अक्काची सून विहिरीचं पाणी शेंदून त्यातच त्या धाकट्यासाठी साखर ढवळत होती. साहेब सायकलवरून उतरले, त्या साखरपाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा चढले.

दोनेक दिवसांनी सकाळी विहीर लाल झाली. झाक वगैरे नव्हे, चांगली सरबतासारखी लाल.

मग काय विचारता! जी गल्ली हसली होती तीच घागरी घेऊन कारखान्याच्या दारात. अक्का सगळ्यांत पुढे. "मुडद्या, पोरास्नी रंग पाजतोस व्हय रं!" दाजी घामाघूम. त्यांनी पांढऱ्या सुताची लडी आणली, विहिरीच्या पाण्यात बुडवली आणि पिळून वर धरली. लडी पांढरीच. "बघा की! माझा रंग असता तर सुतानं धरला नसता का? ह्यो रंग माझा न्हाय!"

दाजी त्या दिवशी अक्षरशः खरं बोलत होते, आणि कुणीही ऐकलं नाही. "धुऊन दावतोय!" लोक ओरडले.

तपासायला ते पाणी माझ्याकडेच आलं. मी सुती धागा उकळून पाहिला, रंग धरेना. लोकरीचा टाकला, तो गुलाबी झाला. सरबतात घालतात तो रंग होता, पोटाला निरुपद्रवी. मान वर केली तर साहेब समोर उभे होते. हात कायम घासूनपुसून ठेवणारा माणूस, पण नखांच्या कडा गुलाबी होत्या.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"रंग निघाला, साहेब."

"हं," ते म्हणाले. "रंग."

दाजी मला भेटायला आले. सात रस्ता चौकातल्या चहाच्या दुकानात समोर बसून अगदी काकुळतीला आले. "मेव्हणं, तपासणारं तुमीच. एक शब्द बोला. खरं तेवढंच बोला." मी बशीत चहा ओतला. खरं बोलायची संधी माझ्याकडे दोनदा चालून आली आणि दोन्ही वेळा मी गप्प बसलो. पहिल्यांदा त्यांच्यासाठी, दुसऱ्यांदा त्यांच्याविरुद्ध. नि:पक्षपातीपणा म्हणायचा तर हाच.

विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या. गल्लीत नळ आला. आणि कारखाना? तो बंद पडला नाही. दाजींनी आपलं सांडपाणी दुसरीकडे वळवलं, पुढे धंदा वाढवला, ताईला पाटल्या केल्या. ज्या भीतीने मी ती बाटली भरली होती, ती भीतीच खोटी निघाली. वळवलेलं पाणी कुठे गेलं, हे विचारणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. ज्यांनी विचारलं असतं, त्यांचं विचारणं थांबलं होतं.

कारण साहेब बदलले. तो लाल रंग विहिरीत पडल्यापासून त्यांनी पेला उजेडासमोर धरला नाही. पाणी दिलं की घेत, पीत, खाली ठेवत. पुढे त्यांनी वेळेआधीच नोकरी सोडली. "तब्येत," म्हणाले. त्यांची तब्येत ठणठणीत होती. पाण्याविषयी एक खोटी गोष्ट त्यांनी आयुष्यात एकदाच केली, आणि ती करायची वेळ त्यांच्यावर मी आणली. त्यांच्याजवळ सच्चा पुरावा होता. तो मी बुडवला, म्हणून त्यांना लबाडीचा करावा लागला.

ते गावी परत निघाले तेव्हा त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेलो. आज त्या बाटलीचं सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. सकाळचं स्वच्छ ऊन फलाटावर पडलं होतं. गाडी लागली. साहेब खिडकीशी बसले, म्हणाले, "पाणी दे रे जरा."

मी नळावर जाऊन पेला भरून आणला आणि खिडकीतून आत दिला. बाहेर एवढा उजेड होता. त्यांनी पेला सरळ तोंडाला लावला.

"बघितलं नाहीत, साहेब," मी म्हणालो.

"तूच भरलास ना?" साहेब म्हणाले, आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.