वहिनींच्या हातची चव

टोकियो महाग आहे, हे मला कोणी सांगायला नको. आमच्या हिगाशी-कसाई भागातल्या सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या चार काड्या प्लास्टिकच्या पाकिटात निजवलेल्या असत, आणि किंमत बघून मी पाकीट परत ठेवत असे. पुण्यात भाजीवाली जी फुकट घालते, ती कोथिंबीर! पण शनिवार जवळ आला की तीच पाकिटं मी मुकाट्यानं उचलायची. कारण शनिवारी ‘मुलं’ यायची.

मुलं म्हणजे नवऱ्याच्या कंपनीतले चार इंजिनिअर. त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाल्यांची नुसती रीघ लागली होती, त्यातलेच हे बिनलग्नाचे. पहिल्यांदा नवऱ्यानंच त्यांना बोलावलं. ‘बिचारे कोन्बिनीतल्या गार भातावर दिवस काढतायत’ म्हणून. कोन्बिनी म्हणजे दिवसरात्र उघडं असणारं कोपऱ्यावरचं दुकान. मलाही दया आली. पुढच्या शनिवारी ते आपणहून आले, आणि मग बेलसुद्धा हक्कानं वाजू लागली. सकाळी पोहे, दुपारी जेवण, जाताना डब्यात पोळीभाजी. कांदे-बटाट्यांच्या पिशव्या सायकलला लटकवून आणायच्या मी, आणि हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला नवरा मोकळा. मोबदला काय, तर ‘वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे!’ चवीनं गॅसचं बिल भरता येत नाही.

पुण्यात मी एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होते. इथे व्हिसावर मी नुसती कोणाची तरी बायको होते. जपानी भाषा आल्याशिवाय नोकरीसाठी कोणी दारात उभं करणार नव्हतं, म्हणून स्टेशनजवळच्या जपानीच्या क्लासला नाव घातलं होतं. क्लास नेमका शनिवारी सकाळी. सुरुवातीला कुकर लावून पळायची आणि तास अर्धा टाकून परत यायची. मग जाणंच चुकायला लागलं. एकदा शिकवणाऱ्या बाई कमरेत वाकून, फार दिलगिरीनं म्हणाल्या, की असंच चाललं तर माझी जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. मी इतकी संतापले की घरी येईपर्यंत कान तापलेले होते. राग बाईंवर नव्हता.

त्या हिवाळ्यात पुण्याहून मोठे साहेब आले. त्यांना हॉटेलचं अन्न जात नव्हतं म्हणे, तेव्हा शनिवारी तेही आमच्याकडेच. जपानी वांगी लांबुळकी, त्यांत मसाला भरता भरता मी मेटाकुटीला आले. भरली वांगी, वरणभात, पोळ्या आणि घरी चक्का टांगून केलेलं श्रीखंड. साहेबांनी तिसऱ्यांदा वांगी घेतली आणि मुलांना सहज विचारलं,

“काय रे, खाण्यापिण्याचं कसं काय परवडतं इथे?”

“सर, खर्च होतच नाही फारसा. वहिनी आहेत ना!” एक जण म्हणाला.

“मी तर निम्मा भत्ता घरी पाठवतो,” दुसऱ्यानं छाती फुगवून सांगितलं. भत्ता म्हणजे इथल्या महागाईसाठी कंपनी पगाराशिवाय देत असे ते पैसे.

“बघा!” साहेब माझ्या नवऱ्याकडे वळले. “म्हणजे टोकियो महाग, टोकियो महाग, ही नुसती ओरडच आहे तुम्हा लोकांची.”

मी पोळी वाढत होते. मला राहवलं नाही. “सर, टोकियो महागच आहे. स्वस्त मी आहे.”

सगळे खो-खो हसले. वहिनींचा विनोद फर्स्ट क्लास, असं साहेब म्हणाले. मी विनोद केला नव्हता.

साहेब परत गेले आणि थोड्याच दिवसांत पुण्याहून मेल आला. टोकियोतला प्रत्यक्ष खर्च पाहता सर्वांचा भत्ता कमी करण्यात येत आहे. सर्वांचा म्हणजे आमचाही. माझ्या ओट्यावर शिजलेल्या अन्नानं माझ्याच घराचा भत्ता खाल्ला होता! लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे पुष्कळ असतात, पण भाजल्याबद्दल उलट दंड भरणारी मी एकटीच असेन.

नवरा मान खाजवत म्हणाला, “अगं, पुढचे काही महिने तुझा क्लास जरा थांबवूया का?”

“आणि शनिवारची वांगी? ती नाही थांबवायची?”

“त्यांना कसं सांगणार? वाईट दिसतं ते.”

वाईट दिसतं! माझी पदवी कपाटात पडून होती, ते कोणाला वाईट दिसत नव्हतं. त्याच दिवशी मी घरखर्चातून क्लासची पुढची फी भरून टाकली, आणि घरी येऊन तसं सांगितलंही.

शनिवारी मी क्लासला निघायला बूट घालत होते, तेवढ्यात बेल वाजली. चौघं दारात, चेहरे पडलेले. मला वाटलं, माफी मागायला आलेत. खोटं कशाला बोलू, क्षणभर मी विरघळलेसुद्धा. त्यांच्यातल्या धीट मुलानं घसा खाकरला.

“वहिनी, भत्ता कापलाय ना, फार ओढाताण होते हो. तर आता रविवारीही आलो तर चालेल?”

मी त्यांना आत घेतलं. नवऱ्याला हाक मारली आणि कणकेचा डबा त्याच्या हातात दिला.

“पाच जणांना पुरेल,” मी म्हटलं. “मळा.”

त्या दिवशी मी क्लासला वेळेवर पोहोचले आणि तास संपेपर्यंत जागची हलले नाही.