वझलवारकाकांनी मिळवून दिलेलं मत

माणूस निवडणूक हरला की घरी बसतो. श्रीराम वझलवार हरले आणि मुलाच्या घरी जाऊन बसले, तेही थेट अमेरिकेत, हर्नडनला. ऐन तिशीत नागपूर सोडून इंग्लंडला गेलेला, बसच्या डेपोत नोकरी करणारा हा माणूस. आधी युनियनमध्ये शिरला, मग नगरपालिकेत आणि शेवटी ब्रिटिश पार्लमेंटात पोचला. दोनदा खासदार झाला, तिसऱ्यांदा लोकांनी हातात नारळ दिला. त्यातच बायको गेली. घर खायला उठलं, तेव्हा मुलाने, कुशने, त्यांचं ग्रीन कार्ड करून त्यांना बोलावून घेतलं.

पद गेलं तरी खोड जात नाही. तिकडे ब्रिटनमध्ये खासदाराने आठवड्यातून एकदा आपल्या मतदारसंघात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची असा रिवाज आहे. काकांनी तो हर्नडनच्या लायब्ररीत सुरू केला. कुणाच्या आईचा व्हिसा अडकलेला, कुणाला शेजाऱ्याच्या कुत्र्याचा जाच. काका ऐकायचे, पत्रं लिहायचे. गंमत म्हणजे काही कामं खरंच व्हायची, त्यामुळे मराठी मंडळात त्यांना भलताच भाव आला.

आसावरी त्यांच्याच कॉलनीतली. एका कंपनीत डेटाबेस सांभाळायची, लेकीला, रुहीला घेऊन एकटी राहायची. बारा वर्षं ताटकळून तिला ग्रीन कार्ड मिळालं होतं. एका शनिवारी तिने सहज विचारलं, “काका, लायसन्स रिन्यू करायला जातेय. तिथे विचारतात, व्होटर म्हणून रजिस्टर करायचं का. काय सांगू?”

“अगं, हो म्हण!” काका खुर्चीतून उठलेच. “मी तर आल्या आल्या हो म्हटलं. टॅक्स भरतेस ना? मग?”

त्यांचीही एक बाजू होती. ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या भारतीयाला, राष्ट्रकुलातला म्हणून, नागरिकत्व नसतानाही मत देता येतं, निवडणुकीला उभंही राहता येतं. काका पहिल्यांदा निवडून आले तेच मुळी भारतीय पासपोर्टावर. नव्याने आलेल्यांची दारं ठोठावून ‘नाव नोंदवा’ सांगण्यात त्यांची उभी कारकीर्द गेली होती. पण अमेरिकेत हे मत फक्त नागरिकाचं. ग्रीन कार्डवाल्याने दिलं तर तो गुन्हा. इथल्या शाळकरी पोराला ठाऊक असलेली गोष्ट या दोन टर्मच्या खासदाराला ठाऊक नव्हती, आणि विचारून घ्यावी एवढंही सुचलं नाही.

आणि आसावरी? दहा पानांच्या अटी न वाचता ‘अ‍ॅग्री’ दाबणाऱ्या जमातीतली ती. ‘मी नागरिक आहे’ या चौकटीवरही तिने बोट टेकवलं आणि सही ठोकून दिली. नोव्हेंबरातल्या निवडणुकीला काका सूट घालून तिच्याबरोबर गेले. दोघांनी मत दिलं, छातीवर ‘मी मत दिलं’ असा स्टिकर लावून फोटो काढला. काका त्या दिवशी इतके खुशीत होते, जणू स्वतःच निवडून आले होते.

पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, “इथे कधी मत दिलंय?” आसावरीने अभिमानाने हो म्हटलं. अर्ज फेटाळला गेला आणि पाठोपाठ इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली: तुम्हाला देशाबाहेर का काढू नये?

तिने काकांना काही कळवलं नाही. मंडळाच्या संक्रांतीला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हातातला तिळगूळ हातातच राहिला.

आसावरीच्या वकीलबाई म्हणाल्या, तिने जाणूनबुजून खोटं लिहिलं नाही, जाणत्या माणसाने तिला तसं सांगितलं, हे त्या माणसाने शपथेवर सांगितलं तर थोडी आशा आहे. मात्र त्या माणसाला पहिला प्रश्न हाच येईल, की तुम्ही स्वतः मत दिलंत का?

“बाबा, अजिबात नाही,” कुश म्हणाला. “तुम्हालाही डिपोर्ट करतील. या वयात कुठे जाल? तिकडे कोण आहे तुमचं?”

“तिचं तरी इथे कोण आहे?”

“ती तुमची मतदार नाहीये, बाबा!”

“नाहीच आहे,” काका म्हणाले. “तेच तर मला कळायला हवं होतं.”

तरी आठवडाभर ते वकीलबाईंकडे गेले नाहीत. त्यांना भीती वाटत होती, देशाबाहेर काढलं जाण्याची साधी भीती. पार्लमेंटात ‘हो’ म्हणणाऱ्यांचं दार वेगळं, ‘नाही’ म्हणणाऱ्यांचं वेगळं; पक्ष सांगेल त्या दाराने गेलं, की मत झालं. इथे दार दाखवणारं कुणी नव्हतं. शेवटी कुशला न सांगता त्यांनी उबर बोलावली, वकीलबाईंचं ऑफिस गाठलं आणि सगळं शपथेवर सांगून टाकलं, आपल्या मतासकट.

बाहेर आसावरी बसली होती, वकीलबाईंनी कळवल्यावर आलेली. दोन महिन्यांत ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

“थँक्स म्हणायला नाही आले, काका. मला अजून राग आहे तुमचा.”

“असू दे. असायलाच हवा.”

“रुही इथे जन्मलीय, ती अमेरिकन आहे. मला काढलं तर तिला सोबत नेऊ, की इथे कुणाकडे ठेवू? रोज विचारते ती. काय सांगू तिला? सांगा ना, तुम्ही तर सगळ्यांना सांगता.”

काकांनी सवयीने तोंड उघडलं. समोरच्याला द्यायला उत्तर नाही, असं राजकारणात कधी झालंच नव्हतं. खरं, खोटं, अर्धंमुर्धं, काहीतरी तयार असायचंच.

“मला माहीत नाही, बेटा,” ते म्हणाले.