पाणी काढलेली भाजी

"पाणी काढलंत का याचं?"

जेवणाच्या सुट्टीत कुणीही डबा उघडला की पलीकडच्या टेबलावरच्या आमच्या मराठी सहकाऱ्याचा हा प्रश्न यायचाच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते आधी तुमच्या भाजीकडे बघत, मग तुमच्याकडे. पालक दिसला तर मान हलवत, टोमॅटो दिसला तर सुस्कारा टाकत. दिल्लीच्या सरकारी कचेरीतले आम्ही सगळे खाऊनपिऊन सुखी लोक, पण त्यांच्यासमोर राजमा खाताना चोरी करतोय असं वाटे.

यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. मधल्या दिवसांत रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदय बंद पडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून प्रत्येक भाजी चिरून भिजत घालायची, उकळायची आणि ते पाणी मोरीत ओतायचं. पाण्याबरोबर चवही जायची. उरलेला चोथा वहिनी खात, आणि तोच हे गृहस्थ डब्यात घेऊन येत.

"अहो, तुम्हाला काय झालंय? तुम्ही तरी नीट जेवा," मी एकदा म्हणालो.

"तिनं एकटीनं का खायचं असलं?" ते म्हणाले आणि घास चावत राहिले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो स्वयंपाकसुद्धा फाइल हलवावी तसा करतो. हे त्यातले. आयुष्यभर टिपणं लिहिलेला माणूस पन्नाशीत पोळ्या लाटायला शिकला. पहिली पोळी भाजून झाली तेव्हा त्यांनी वहिनींना म्हणे विचारलं, "मसुदा मान्य आहे का?" वहिनी म्हणाल्या, "कडा कच्च्या आहेत. फेरसादर करा."

फरीदाबादला आमची एकच सोसायटी. सकाळी मेट्रोत ते सगळं वर्तमानपत्र वाचून काढायचे आणि उतरल्यावर लेकीला फोन लावायचे. ती दिल्लीतल्या मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहून केंद्र सरकारच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. हे तिला संपादकीयांचा सारांश सांगत. दिल्लीत वाढलेली पोर, तिचा आवाज मला शेजारी ऐकू यायचा. "बाबा, हे सगळं मी ऑलरेडी वाचलंय यार. आई कशी आहे ते सांगा ना." आईबद्दलचं उत्तर मात्र ते दोन शब्दांत उरकत. "बिल्कुल ठीक."

डायलिसिसला तास न् तास लागायचे. तेवढा वेळ ते वहिनींच्या उशाशी बसून मराठी कादंबरी मोठ्यानं वाचत. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे हरियाणवी ताऊ असायचे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण वाचन थांबलं की ते डोळे उघडून म्हणत, "फेर के होया, बाबूजी?" मग हे आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत कथानक सांगत. कादंबरीतली विधवा आत्या ताऊंना इतकी आवडली की ती गेली त्या दिवशी त्यांनी डोळे पुसले.

तो आठवडा लेकीच्या परीक्षेचा होता. रविवारी पेपर. घरच्यांनी दिलेली ही शेवटची संधी. सोमवारी यंत्र बंद पडल्यामुळे वहिनींचं डायलिसिस अर्धवट झालं. बुधवारी संसदेतल्या एका प्रश्नाचं उत्तर तयार करण्यात यांना घरी जायला उशीर झाला. गुरुवारी सगळं सुरळीत पार पडलं, आणि शुक्रवारी डबा खाताना ते खुशीत होते.

"उद्या एकादशी. हिनं लेकीसाठी धरलीय. मी आधी नको म्हणालो. पण विचार केला, ना डाळ, ना पालेभाजी. पोटाला आरामच की."

डॉक्टरांनी दिलेला आहारतक्ता इथला होता. त्यात वर्ज्य म्हणून राजमा होता, छोले होते, पालक होता, केळं होतं. दाण्याची आमटी त्यात कुठून असणार? उपासाचं म्हणजे हलकं, हे आपल्या हाडात भिनलेलं. माझ्याही मनाला शंका शिवली नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे गेलो. भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. उपासाच्या भाजीतल्या बटाट्याचं पाणी त्यांनी दोनदा काढलं होतं, तेही अभिमानानं सांगितलं. वहिनींनी आमटी वाटीला तोंड लावून प्यायली आणि पुन्हा मागितली.

"किती दिवसांनी जिभेला काहीतरी कळलं हो," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. हे ओट्याशी पळी हातात धरून त्यांच्याकडे बघत उभे होते. इतकं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी वहिनींनी लेकीला फोनवर आशीर्वाद दिला आणि थोड्याच वेळात त्यांच्या हातापायांतली ताकद गेली. श्वास लागला. मी गाडी काढली. दवाखान्यात त्यांना आत नेल्यावर एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"कल इन्होंने क्या खाया था?"

हे सरसावून उभे राहिले. उत्तर पाठ असलेल्या विद्यार्थ्यासारखे. "व्रत था जी. दाल नहीं, सब्जी में भी बस आलू, पानी निकालकर. मूँगफली की कढ़ी, राजगिरा, खजूर..."

"मूँगफली? खजूर? इतना पोटैशियम?" तिनं एवढंच विचारलं. ती रागावली नाही. धावत परत आत गेली.

बंद दाराकडे बघत ते उभे राहिले. मग हळूहळू खाली बसले, बाक होता तरी जमिनीवर. मी खांद्यावर हात ठेवला तर त्यांनी तो काढून टाकला. दुपारच्या आत वहिनी गेल्या. लेक तेव्हा परीक्षेच्या हॉलमध्ये होती.

"एकादशीचं तिला सांगायचं नाही," ते मला म्हणाले. "तिच्यासाठी धरली होती ना. आयुष्यभर मनाला लावून घेईल. मी केलंय ते माझ्यापाशी राहू दे."

डॉक्टरांनी नंतर त्यांना परोपरीनं समजावलं, आजार मुळातच पुढे गेला होता वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. कचेरीत ते टेबलावर एकटेच जेवू लागले, कुणाच्या डब्याकडे न बघता. आम्हाला त्या शांततेचा फार त्रास व्हायचा. काही महिन्यांत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गावी जायचं ठरवलं. लेक पूर्वपरीक्षा पास झाली होती आणि पुढच्या अभ्यासासाठी मुनिरक्यालाच राहणार होती.

स्टेशनवर लेक आणि मी त्यांना सोडायला गेलो होतो. ते खिडकीशी बसले, आम्ही फलाटावर. पोर एकदम माझ्याकडे वळली.

"काका, आदल्या दिवशी तुम्ही घरी होतात ना? आईनं शेवटचं काय खाल्लं होतं? बाबा नीट सांगतच नाहीत."

मी खिडकीकडे पाहिलं.

"दुधीची भाजी आणि दोन पोळ्या," खिडकीतून त्यांचा आवाज आला. "नेहमीचंच. चव नाही म्हणाली. अर्धी पोळी टाकली."

पोरीचे डोळे भरून आले. "शेवटचं जेवण तरी तिला आवडीचं मिळायला हवं होतं, बाबा."

"हो गं," ते म्हणाले. "हवं होतं."

गाडी सुटली. ती हात हलवत बरोबर चालत राहिली, आणि त्यांनी खिडकीतून तिच्याकडे पाहून मान डोलावली, सगळं ठीक आहे अशी.