मापटंभर बाजरी, मूठभर मीठ

ये बाई, अशी जवळ सरकून बस. पुण्यात आहेस ते ठाऊक आहे, पण लिहिताना नातीला शेजारी धरलं की मला नीट रागवता येतं. खारोड्या खारट झाल्या, तर फोनवर मलाच म्हणालीस, "आजी, तू सांगितलंस तेवढंच घातलं." ऐकताना अर्धं लक्ष कुठं होतं गं तुझं?

मापटंभर बाजरीला मूठभर मीठ, असं मी म्हणाले खरं. तू इथून नेलेलं मापटं भरलंस आणि, तूच सांगितलंस तसं, वरून हात फिरवून सपाट केलंस. आपल्यात बाजरी शिगेनं मोजतात, काठावरून ओघळेपर्यंत. सासूबाई म्हणायच्या, "सपाट माप दुकानात. घरात शीग लागती." इतकं अंगवळणी पडलंय ते, की वेगळं सांगावं असं मनातही आलं नाही.

आणि मूठ कुणाची, ते तू विचारलंच नाहीस. लग्न होऊन मिरजगावला आले, त्या उन्हाळ्यात माझ्या खारोड्या अळणी निघाल्या. सासूबाईंनी माझी मूठ आपल्या हातात धरून पाहिली. त्यांच्या तळव्यात ती पार बुडाली. "बारकी हाय गं तुझी मूठ. मूठ घे, अन् वर चिमूट." झालं, तेच माझं माप. तुझा हात आजोबांवर गेलाय, लांब बोटांचा. त्यात मीठ जास्तच मावणार.

समोर बसवून दाखवलं असतं. पण दिवाळीनंतर उजव्या हातावरून वारं गेलं, तेव्हापासून बोटं मिटत नाहीत. परवा घरात कुणी नव्हतं, तेव्हा मिठाच्या बरणीत हात घालून पाहिला. वर काढेपर्यंत सगळं मीठ बोटांमधून गळून गेलं. डावा हात लिहायला शिकला, मोजायला काही शिकत नाही.

जीभ तेवढी शाबूत आहे. पातेल्यातलं शिजलेलं पीठ चाखून मी सांगेन, बास, का अजून चिमूटभर. ओलं असताना जरा अळणीच लागलं पाहिजे, वाळल्यावर मीठ वर येतं. एकदा का तुझ्या हाताला कळलं, की मग मी असले काय, नसले काय.

बाजरी भरडून ठेवते. ऊन तापायला लागलंय. या रविवारीच ये, आणि ते मापटं विसरू नकोस.